मानीबाईचा हिंग आणि काबूलचं फाटक

बोरी अरबच्या बाजारात हिंग घ्यायचा तर मानीबाईकडेच, हे आसपासच्या खेड्यांत इतकं पक्कं होतं की नवी सून बाजाराला निघाली की सासू मीठमिरचीच्या आधी तिचंच नाव सांगायची. चिंचेखाली गोविंदा शिंप्याचं मशीन आणि मशीनला लागून गोणपाटावर मानीबाई. आरशांचा बंजारी घागरा, म्हणजे फेटिया, पसरून ती बसली की उन्हाचे कवडसे गोविंदाच्या कापडावर नाचायचे आणि तो ओरडायचा, "वहिनी, सरका ना जरा, सुई दिसत नाई मले." मानीबाई सरकायची नाही. तिचं म्हणणं, मशीनला चाकं आहेत, तिला नाहीत.

धंदा मूळचा तिच्या सासूचा. सासू रानातून डिंक गोळा करून आणायची. दारव्ह्याचा एक व्यापारी तो घ्यायचा, कारण हिंग बांधताना त्यात डिंक आणि पीठ मिसळावं लागतं. डिंकाच्या बदल्यात तो हिंग टाकून जायचा. पुढे रानात जाणं अवघड झालं, सासूही गेली, पण हिंगाची पाटी मानीबाईच्या डोक्यावर राहिली. नवरा उत्तमसिंग तांड्याजवळच्या शेतात राबायचा आणि बायको बाजारातून परत आली की दोन हात लांब बसायचा. "वासाची सवय होत नाई का तुमाले?" ती विचारायची. "सवय झाली," तो म्हणायचा, "म्हणून तर दोनच हात."

आपला माल कुठून येतो हे मानीबाईला ठाऊक होतं: काबूलहून. काबूल कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, पण त्यावाचून काही अडलंही नव्हतं. "अस्सल हाय का वो?" असं कोणी विचारलं की ती हनुवटी वर करून "काबूलचा हाय" म्हणायची, आणि तेही अशा थाटात की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईचं माहेरच तिकडचं.

एकसष्ट सालच्या दसऱ्याच्या सुमारास दारव्ह्याचा व्यापारी हात हलवत आला.

"हिंग नाई, मानीबाई. रस्ता बंद झाला."

"अडाणच्या पुलावर पाणी आलं का?"

"अडाण काय घेऊन बसली! काबूलचा रस्ता. तिकडे दोन देशांचं वाजलं. फाटक लावून घेतलं."

"कोणं लावलं?"

"मले काय माहीत! मी का तिकडचा चौकीदार हाओ?"

माल नाही याचं तिला फार वाईट वाटलं नाही. माल कधी येतो, कधी येत नाही. पण फाटक कोणी लावलं हे त्या माणसाला सांगता येऊ नये, याचा तिला राग आला. बाजारात बाया आपल्याला विचारणार, आणि आपण काय सांगायचं? दोन देशांचं वाजलं? कोणते दोन? कायले वाजलं? कधी मिटते? ज्या मालावर आपण बसतो त्याची एवढीही खबर आपल्याला नसावी, हे तिच्या मनाला काही पटेना.

ती उठली ती सरळ शाळेत गेली.

शाळेवर धर्मपाल मास्तर होते. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आले तेव्हा जुनं नाव तिकडेच ठेवून हे नवं घेऊन आलेले. वय तरणं, शिकवायची हौस दांडगी. ग्रामपंचायतीच्या रेडिओची किल्ली त्यांच्याकडे होती, कारण बाकी कोणी खुंटी फिरवली की रेडिओ नुसता खरखरायचा. मास्तरांचा एकच दोष: काहीही विचारलं तरी ते पृथ्वी गोल आहे इथून सुरुवात करायचे.

त्यांनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. "हा अफगाणिस्तान. काबूल इथं. हा पाकिस्तान. आणि हे आपण."

"अन् बोरी?"

"बोरी यात नाई, मावशी."

"मंग नकाशा कायचा?"

मास्तरांनी पेन्सिलीनं एक ठिपका काढून बोरी नकाशात घातली, तेव्हा ती पुढे ऐकायला तयार झाली. काबूलचा माल डोंगरातल्या खिंडीतून उतरतो आणि पाकिस्तानातून आपल्याकडे येतो. त्या दोघांचं सरहद्दीवरून जुनं भांडण. यानं त्याच्या वकिलाती बंद करायला सांगितल्या, त्यानं बोलणंच टाकलं, आणि रस्ता बंद पडला.

"आधी फाटक कोणं लावलं?"

"हा म्हणते त्यानं लावलं. तो म्हणते यानं लावलं."

मानीबाईनं मान डोलावली. एवढं मात्र तिला नीट कळलं. तांड्यात अशी भांडणं नायकापुढे मिटताना तिनं लहानपणापासून पाहिली होती. "मंग मधात कोणीतरी पडल्याबिगर हे मिटत नाई," ती म्हणाली. "कोण पडते ते पाह्यलं पाहिजे."

आणि त्या दिवसापासून मानीबाई ते पाहू लागली.

संध्याकाळ झाली की ती कोसभर चालून पंचायतीच्या ओट्यावर येऊन बसायची. दिल्लीहून मराठीत बातम्या लागायच्या. गडी माणसं कापसाच्या भावासाठी कान टवकारायची, मानीबाई काबूलसाठी. बातम्या संपल्या की ती मास्तरांना विचारायची, "आपलं काय म्हटलं?" बहुतेक दिवशी आपलं काहीच म्हटलेलं नसायचं. मग मास्तर आठवड्याचे वर्तमानपत्राचे अंक काढून कुठल्या तरी कोपऱ्यातली चार ओळींची बातमी शोधून द्यायचे. तांड्यात उत्तमसिंग तोवर स्वतःच शेळी धरून दूध काढायला शिकला होता. शेळीला ते आवडत नसे, पण तिचं कोण ऐकणार!

बाजारच्या दिवशी मानीबाईचं दुकान आता वेगळंच चालू लागलं. पाटीत हिंग थोडा, तोही डिंक आणि पीठ वाढवून लांबवलेला. पण बातमी भरपूर.

"दिवाळीच्या आत उघडते," तिनं पहिल्याच बाजारात जाहीर केलं. "अमेरिकेनं माणूस पाठवला हाय समेटाले. लय मोठा माणूस हाय म्हणते."

"अमेरिकेचा माणूस हिंग खाते का?" गोविंदानं विचारलं.

"खात नाई म्हणूनच पाठवला. खाणारा असता तर एकाची बाजू घेतली असती."

या उत्तरावर बाजारात बरीच वाहवा झाली. मात्र तो अमेरिकेचा माणूस दोन्हीकडे फिरला, जेवला आणि रिकाम्या हातानं परत गेला. दिवाळी आली आणि गेली. मधल्या काळात रेडिओवर सांगितलं की काबूलचे अंगूर आणि खरबुजं सडू नयेत म्हणून विमानानं दिल्लीला येत आहेत. मानीबाईला वाटलं, झालं आता.

"अंगूर इमानानं येते, तर माया हिंग का पायी येईन?"

"हिंगाले इमानात कोण बसू देईन, वहिनी?" गोविंदा सुईत दोरा ओवत म्हणाला. "अर्ध्या वाटेत डायवर खाली उडी मारीन."

जवळपासची सगळी दुकानं हसली. मानीबाईही हसली, पण संध्याकाळी तिनं मास्तरांना खासगीत विचारून घेतलं की असं खरंच होऊ शकतं का.

खरी फजिती झाली ती थंडीत. ओट्यावर शेकोटी पेटलेली, रेडिओ लागलेला, आणि मानीबाईच्या कानावर स्वच्छ शब्द पडले: अफगाणिस्तानची सरहद्द उघडण्यात आली असून... आणि तेवढ्यात बॅटरी बसली. रेडिओनं एक लांब सुस्कारा टाकला आणि गप्प झाला. मास्तर खुंटी पिळत राहिले. पण मानीबाईला पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. ती गोणपाटावर बसली नाही, उभीच राहिली. "फाटक उघडलं!" तिनं ओरडून सांगितलं, आणि जपून जपून ठेवलेला शेवटचा चांगला हिंग मूठ ढिली सोडून विकला. घेणाराला एक खडा, वरून एक खडा. नव्या मालाला जागा करायची होती ना! हॉटेलवाल्यानं तिला फुकट चहा दिला. गोविंदानंही कबूल केलं की बाईचे कान तिखट आहेत.

पाटी रिकामी झाल्यावर धर्मपाल मास्तर शाळा सोडून लगबगीनं आले. हातात ताजं वर्तमानपत्र. चेहरा, जणू त्यांनीच बॅटरी काढून घेतली होती.

"मावशी... उघडली हे खरं. पण ती फक्त अमेरिकेहून येणाऱ्या मदतीच्या मालासाठी. तोही माल आत जायले. बाहेर यायले नाई. अन् थोड्याच दिवसांसाठी."

मानीबाईनं रिकामी पाटी पालथी घातली.

"म्हणजे अर्धंच उघडलं," ती म्हणाली.

"अन् त्या अर्ध्यातही आपली बाजू नाई," गोविंदा हळूच म्हणाला. पुढे बरेच दिवस बाजारात कोणी दुकानाची अर्धी फळी लावली की लोक म्हणायचे, "काबूलवानी काहून लावली?"

कोणी दुसरी असती तर तिनं रेडिओचं नाव सोडलं असतं. मानीबाईनं उलट अधिकच मनावर घेतलं. चूक काय झाली हे तिच्या लक्षात आलं होतं: वाक्य पूर्ण ऐकलं नाही. त्यानंतर ती बातम्या संपून गाणी लागली तरी ओट्यावरून उठत नसे, न जाणो गाण्याच्या मागून काही सांगतील. आता आपला अंदाज सांगताना मात्र ती जरा सावध झाली. समेट कोण करणार, हा प्रश्न तिनं मनाशी घोळवला आणि अमेरिकेनंतर इंग्रजांवर भरवसा ठेवला, कारण भांडण त्यांनीच लावून ठेवलेलं असणार. इंग्रज काही हलले नाहीत तेव्हा रशियावर.

"कोणीच नाई राह्यलं तर आपल्या गावच्या नावातच अरब हाय," गोविंदा म्हणाला. "त्यालेच पाठवा. नाईतर इराण्याले. म्या नागपुरात इराण्याच्या हॉटेलात पाह्यलं, दोन गिऱ्हाइकं हातघाईवर आलती. इराण्यानं दोघाईले एका टेबलावर बसवलं, दोन चहा ठेवले अन् बिल तिसऱ्याले देल्लं."

"तुमचं तोंड मशीनखाली घाला, गोविंदभाऊ," मानीबाई म्हणाली. "देशांच्या गोष्टी चालल्या हाय."

बासष्टच्या दिवाळीला या सगळ्या थट्टेवर पाणी पडलं. चीननं हल्ला केला. रेडिओभोवती माणसं दाटून बसू लागली, पण कोणी हसत नव्हतं. एकदा बातम्या संपल्यावर सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "आपलं काय म्हटलं?" आणि बाजूचा एक म्हातारा तिच्यावर डाफरला, "पोरं बर्फात मरून राह्यले अन् तुले हिंग सुचून राह्यला!" घरी जाताना मानीबाईला स्वतःचीच लाज वाटली. संरक्षण निधीसाठी पंचायतीत पेटी ठेवली तेव्हा तिनं गळ्यातली चांदीची हासळी काढून दिली आणि त्याबद्दल कोणाला सांगितलंही नाही. उत्तमसिंगाला दिसली नाही तेव्हा त्यानं विचारलं. "टोचत होती," ती म्हणाली.

लढाई थांबली आणि त्याच हिवाळ्यात इंदुताईंच्या मुलीचं लग्न निघालं.

इंदुताई म्हणजे गावातल्या मोठ्या घरच्या बाई आणि पापडांच्या बाबतीत शेवटचा शब्द. त्यांचे पापड नेरपर्यंत आहेरात जायचे. त्या मानीबाईच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक. दीड वर्ष त्यांनी तिच्याकडचा उरलासुरला, पीठ मिसळलेला फिका हिंग मुकाट्यानं वापरला होता, पण लेकीच्या लग्नाच्या पापडांत तो घालायला त्यांचं मन घेईना.

"खरं सांग, मानी," त्या संक्रांतीलाच म्हणाल्या होत्या, "तुझं ते फाटक उघडते का नाई?"

मानीबाईनं सावध राहायचं ठरवलं होतं. पण समोर इंदुताई, आणि प्रश्न इतक्या विश्वासानं विचारलेला. "होळीच्या आत," तिच्या तोंडून निघून गेलं.

इंदुताईंनी पापड होळीवर टाकले. होळी पेटली, विझली. पाडवा आला. उन्हं कडक झाली, घरोघरच्या अंगणात खाटांवर वाळवणं पडली, आणि इंदुताईंचं अंगण तेवढं रिकामं. गावातल्या बाया एकमेकींना विचारू लागल्या की वरपक्षानं काही मोडलं तर नाही ना. शेवटी इंदुताई स्वतः बाजारात आल्या. रागावल्या नाहीत, हेच मानीबाईला जास्त लागलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "लसूण घालते."

लसूण! लग्नाच्या पापडात! गोविंदाचं मशीनसुद्धा थांबलं.

"चार दिवस थांबा, इंदुताई," मानीबाई म्हणाली. "मी नागपूरले जातो."

ती कधीच नागपूरला गेली नव्हती. दारव्ह्याच्या पलीकडे तिला कधी काम पडलं नव्हतं. उत्तमसिंगाला बरोबर घेऊन ती मोटारीत बसली, आणि वाटभर त्याला समजावत राहिली की आपण कशासाठी चाललो आहोत: मोठ्या व्यापाऱ्यांकडे जुना साठा दडलेला असतो, त्यातला एखादा खडा मिळाला तर बघायचं, नवा माल मिळणं शक्यच नाही, कारण फाटक बंद आहे. उत्तमसिंग "हो" म्हणत होता आणि खिडकीतून परक्यांच्या शेतातली वखरणी बघत होता.

नागपूरच्या इतवारी बाजारात एका किराण्याच्या पेढीवर ती चढली. नुसत्या वासानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोत्यांच्या मागे हिंगाच्या पेट्यांची चळत होती. जुनी नाही; ताजी, ओलसर, झणझणीत.

"हे कुठून आलं?" तिनं विचारलं.

"इराण से," शेटजी म्हणाले. "जहाज में आता है, बम्बई. क्यों?"

"पण फाटक तर बंद हाय!"

"कौनसा फाटक?"

मानीबाईनं त्यांना सांगितलं. दारव्ह्याचा व्यापारी, खिंड, वकिलाती, अमेरिकेचा माणूस, विमानातले अंगूर, मदतीचा माल, सगळं. शेटजी तोंडातलं पान चघळायचं थांबवून ऐकत राहिले. पेढीवरचे हमालही जवळ आले. तिचं संपल्यावर शेटजींनी हात जोडले.

"बाई, इतना तो मुझे भी मालूम नहीं था," ते म्हणाले. "लेकिन हिंग इराण से पहले भी आता था, अब भी आता है. भाव चढ़ गया, बस. काबुल का माल भी थोड़ा उधर से घूमकर आ जाता है. आप के दारव्हा वाले ने नहीं लाया होगा."

परतीच्या मोटारीत मानीबाई खिडकीशी बसली. मांडीवर हिंगाचं पुडकं, आणि आजूबाजूची माणसं हळूहळू मागच्या बाकांवर सरकत गेलेली. दोन हिवाळे तिनं एका दारावर नजर ठेवली होती. कोण आला, कोण गेला, कोणी कडी हलवली, सगळं तिला ठाऊक होतं. आणि माल आपला समुद्रातून जहाजात बसून आरामात येत होता. समुद्र नकाशात होता. निळा, चांगला मोठा. मास्तरांनी त्याच्यावर हातही ठेवला होता, पण तेव्हा तिचं लक्ष बोरीच्या ठिपक्याकडे होतं.

"तू रोज पुढच्या दारात बसली होती," उत्तमसिंग कळंब आल्यावर म्हणाला. "माल परसदारानं आला."

"हे गोविंदभाऊले सांगसान," ती म्हणाली, "तर मी तुमच्या खाटेखाली हे पुडकं ठेवीन."

उत्तमसिंगानं सांगितलं नाही. पण पुडक्याचा वासच असा की बाजाराला सांगायची गरज पडली नाही. "कोठचा?" गोविंदानं विचारलंच.

"इराणचा," मानीबाई म्हणाली, आणि त्याच्याकडे न पाहता पुढे जोडलं, "टेबलाचं काही बोलसान तर पाहा."

त्या दिवशी गोविंदाचं मशीन उगीचच हसल्यासारखं खडखडत राहिलं.

इंदुताईंच्या अंगणात पापडांचा मोठा घाणा निघाला. पीठ कुटताना असा घमघमाट सुटला की रस्त्यानं जाणारी माणसं फाटकाशी रेंगाळू लागली. मानीबाईला इंदुताईंनी पाटावर बसवून तेलात बुडवलेल्या लाट्या खाऊ घातल्या. तिनं इंदुताईंना सगळं खरं सांगून टाकलं, जहाजाचं आणि समुद्राचं. तिला वाटलं होतं त्या रागावतील. इंदुताई इतक्या हसल्या की हातातलं लाटणं खाली पडलं.

"अगं, म्हणजे मी तुझ्या त्या फाटकाची वाट पाहत लेकीचं लग्न लसणावर नेऊन ठेवलं होतं का!"

लग्न थाटात झालं. पुढे मे महिना सरता सरता मानीबाई भाचीच्या लग्नाला महागावकडच्या तांड्यावर गेली. तिथे रेडिओ नाही, मास्तर नाहीत. आठ-दहा दिवस गाणी, नाच आणि जेवणं. परतताना महागावच्या मोटार स्टँडवर ती गाडीची वाट पाहत होती, तर चहाच्या टपरीवर कोणीतरी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होतं. अफगाणिस्तान, पाकिस्तान, तेहरान, करार. ती धावत गेली.

"पुरं वाचा," ती म्हणाली. "शेवटपर्यंत."

वाचणाऱ्यानं वर पाहिलं, आणि न वाचणं धोक्याचं आहे असं त्याला दिसलं असावं. त्यानं शेवटपर्यंत वाचलं. मग तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. इराणच्या राजानं मध्यस्थी केली होती. दोघांना तेहरानात एकत्र बसवलं होतं. वकिलाती उघडणार, रस्ता उघडणार, व्यापार सुरू होणार. सगळ्यांसाठी. दोन्ही बाजूंनी.

बोरीचा बाजार दुसऱ्या दिवशी होता. वर्तमानपत्र जुनं, आदल्या आठवड्यातलं होतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. बातमी तोंडात धरून ती रात्रभर तळमळली आणि सकाळी पाटी न भरताच निघाली.

चिंचेखाली आली तेव्हा बाजार भरला होता. इंदुताई तिथेच होत्या, धर्मपाल मास्तरही, सुटीचे दिवस असूनही. हॉटेलवाला दारात उभा.

"उघडलं," मानीबाई म्हणाली. यावेळी ओरडली नाही. "फाटक उघडलं. पुरं उघडलं. म्या शेवटपर्यंत ऐकलं."

"खरंच?" इंदुताई दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणाल्या. "अगं बाई!"

"काय सांगता, मावशी!" मास्तर म्हणाले.

हॉटेलवाल्यानं "वा, वा" केलं आणि चहा टाकला. कोणी विचारलं कधी, कोणी विचारलं कुठे. मानीबाई एकेकाला उत्तर देऊ लागली. तिला फार बरं वाटत होतं. फक्त कुठेतरी काहीतरी सुटल्यासारखं वाटत होतं. एरवी एवढ्या बातमीवर गोविंदानं चार टोमणे मारले असते.

"अन् काय माणूस निघाला तो इराणचा राजा!" गोविंदा म्हणाला. "दोघाईले बसवलंच शेवटी!"

इंदुताईंनी गोविंदाकडे असं पाहिलं की त्यानं मान खाली घालून मशीन चालू केलं. मशीनमध्ये कापड नव्हतं.

इराणचं नाव मानीबाईनं अजून काढलंच नव्हतं.

तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मास्तर चष्मा पुसत होते. हॉटेलवाला कपात बघत होता. किती दिवसांपासून यांना माहीत होतं, आणि सगळा बाजार ओठ दाबून तिची वाट पाहत बसला होता! तिच्या डोळ्यांपुढे ओट्यावरच्या त्या संध्याकाळी आल्या. रागवावं असं तिला वाटलं. पण राग काही येईना.

"गोविंदभाऊ," ती म्हणाली, "राजाचं मी आता सांगणारच होते."

"मंग सांगा ना, वहिनी," गोविंदा खाली पाहूनच म्हणाला. "मले काय माहीत! म्या आपलं असंच म्हटलं."

आणि मानीबाईनं सांगितलं. अथपासून इतिपर्यंत, मधल्या वकिलातींसकट. लोकांनी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. चहा दोनदा झाला.

काबूलचा हिंग प्रत्यक्षात बोरीत पोहोचायला दिवाळी उलटली. देशांचा समेट झाला म्हणून खडे लगेच चालत येत नाहीत. तोवर निम्म्या गिऱ्हाइकांना इराणचाच आवडू लागला होता, काहींना लसणाची सवय झाली होती, आणि मानीबाई आता काबूलचा आणि इराणचा असे दोन ढीग शेजारी मांडून दोघांचं भांडण न होऊ देता विकत होती. "अस्सल हाय का?" म्हटलं की ती विचारायची, "खिंडीतला पाहिजे का समुद्रातला?" समोरची बाई गोंधळली की तिला समजावून सांगायची. बहुतेक बाया हिंगापेक्षा त्यासाठीच थांबायच्या.

थंडीतल्या एका बाजारात गोविंदानं मशीन बंद केलं आणि गोणपाटाच्या कडेला येऊन बसला. आवाजात मस्करी नव्हती.

"वहिनी, एक काम होतं. मशीनच्या सुया मिळत नाई दोन महिन्यांपासून. दारव्ह्यात नाई, यवतमाळात नाई. बाहेर देशातून येते म्हणते त्या. दुकानदार नुसतं बंद हाय म्हणते, काहून ते सांगत नाई. तुमी जरा पाह्यता का?"

मानीबाईनं तराजू खाली ठेवला. "कोणत्या देशातून येते?"

"जर्मनीहून."

"मास्तर म्हणते जर्मनी दोन हाय," ती म्हणाली. "तुमच्या सुया कोणत्या जर्मनीच्या?"

"दोन?" गोविंदा म्हणाला. "दोन कधी झाल्या?"